आसरा खडकावरचं गाऱ्हाणं

डॉक्टर सामंतबाईंनी अगदी सहज विचारलं, "मार्चमध्ये तुमचं काही ऑपरेशन झालं होतं का?"

दर्शना कोयंडे तपासणीच्या टेबलावर कुशीवर पडली होती. तिच्या पोटाच्या डाव्या बाजूला, कातडीखाली, क्रीमच्या बिस्किटाएवढा एक पंप होता. सकाळपासून तो पिकपिक करत होता, म्हणून ती बस पकडून कुडाळच्या दवाखान्यात आली होती. एरवी पंपाचं सगळं तिची धाकटी बहीण केतकीच बघायची. पण केतकी परिषदेसाठी परदेशी गेली होती.

"ऑपरेशन? छे! मार्चात मी ठणठणीत होते. दर ओहोटीला कालवं काढायला खडकावर जात होते."

"मग दुसरा कप्पा कशाला उघडला?"

"दुसरा कप्पा रिकामा आहे," दर्शना म्हणाली. "बहिणीनं सांगितलंय. मोठी शास्त्रज्ञ आहे ती, नीलशंख संस्थेत. तिनंच दिलाय हा पंप." बहिणीचं नाव निघालं की तिचा आवाज जरा वर चढायचा, तसा तो आताही चढला.

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "रिकामा नाही हो. चार डोस मावतात त्यात, तीन शिल्लक आहेत. एक सोळा मार्चला गेलाय, सकाळी नऊ बाराला. हुकूम मोबाइलवरून आलाय, डॉक्टर केतकी कोयंडे यांच्या नावानं." मग दर्शनाचा चेहरा बघून त्या चाचरल्या. "घाबरू नका, वाईट औषध नाही ते. मोठ्या ऑपरेशनआधी देतात, पेशंट शांत राहावा म्हणून. चार-पाच तास भीती वाटत नाही, रागही येत नाही. तुम्हाला कल्पना दिली असेलच त्यांनी."

"हो, हो," दर्शना घाईघाईने म्हणाली. "दिली होती. माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

आपल्या माणसाची लाज आधी झाकायची, ही आमच्याकडची जुनी खोड. डॉक्टरांनी ते तसंच कागदावर उतरवून घेतलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. ती बाहेर बाकड्यावर येऊन बसली. सोळा मार्च ही तारीख तिला कॅलेंडरात शोधायची गरज नव्हती. ती अख्ख्या शेवरेबंदर गावाला पाठ होती.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

शेवरेबंदराच्या समोर, ओहोटीला उघडा पडणारा एक लांबलचक काळा कातळ आहे. त्याला आसरा खडक म्हणतात. त्यावर कालवं धरतात, आणि गावातल्या चाळीस बायका लहान कोयते घेऊन ती काढतात. मोठ्या भरतीच्या दिवसांतली खोल ओहोटी गाठायची, अनवाणी उतरायचं आणि पाणी घोट्याला लागलं की परतायचं. पायाला कालवाची धार लागतेच. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

दर्शना या बायकांची पुढारीण. आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि केतकी चारची. दर्शनाने केतकीला कमरेवर घेऊन खडकावर नेलं, तिथेच वाढवलं, शाळेत घातलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. केतकीच्या पायाला कालव लागलं की दर्शना खाली बसायची, तळवा हातात घ्यायची, फुंकर मारायची आणि विचारायची, "दुखता?" केतकी रडत रडत "नाय" म्हणायची आणि दर्शना तिला पाठुंगळी मारून घरी आणायची.

पुढे केतकी खूप शिकली. ती शंखांच्या, म्हणजे समुद्री गोगलगायींच्या, विषाच्या अभ्यासात शिरली त्याच सुमारास इकडे दर्शनाला नागीण झाली. फोड आठ दिवसांत सुकले, पण दुखणं गेलं नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दडून असतो. तो उतारवयात उठला की कधीकधी नसच बिघडवून जातो. जखम नसतानाही ती नस मेंदूला ओरडून सांगत राहते, भाजतंय, भाजतंय. दर्शनाला डाव्या बरगडीवर पोलक्याचा कपडासुद्धा सहन होईना. अडीच वर्षं ती भिंतीला टेकून झोपली. एकदा ती केतकीला म्हणाली होती, "माका दर्यात नेऊन सोड गो." त्यावर केतकी ढसाढसा रडली होती. ते रडणं खरं होतं, हेही इथे सांगून ठेवतो.

मग केतकीने पंप आणला. शंकूच्या आकाराची एक देखणी गोगलगाय आपल्या समुद्रात असते. ती चालते मुंगीच्या पावलांनी, पण तोंडातून भाल्यासारखा दात फेकते आणि मासा जागच्या जागी लुळा पडतो. तिच्या विषात शंभरावर वेगवेगळे छोटे रेणू असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. प्रत्येकाचं काम ठरलेलं. नसेच्या टोकाला बारीक दारं असतात. दार उघडलं तर निरोप पुढच्या नसेला जातो, नाही उघडलं तर तिथेच राहतो. यातला एक रेणू नेमका दुखण्याच्या दाराला खुट्टी घालतो. पंपातून तो थेंबाथेंबाने पाठीच्या कण्यात जायचा. पहिल्या दिवशी दर्शना सहा तास उताणी झोपली. उठल्यावर केतकीने विचारलं, "बाय, दुखता?" मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाय म्हणतात. दर्शना "नाय" म्हणाली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

त्याच आठवड्यात केतकीने तिला संस्थेतल्या काचेच्या टाकीपुढे उभं केलं होतं. आत दुसऱ्या जातीची गोगलगाय होती. ही भाला फेकत नव्हती. तिने पाण्यात आपलं विष सोडलं आणि पिशवीसारखं तोंड उघडलं. आठ-दहा मासे आजूबाजूला फिरत होते. ते पळाले नाहीत. हळूहळू, एकामागून एक, आपल्याच घरात शिरावं तसे ते त्या तोंडात शिरले.

"ते पळनत कित्या नाय?" दर्शनाने विचारलं होतं.

"त्यांका भियाच वाटना नाय, बाय. हो दुसरो रेणू. ह्याचा पण औषध होतला."

"माका नको हां ता."

"तुज्या पंपात दुसरो कप्पो आसा, पण रिकामो," केतकी म्हणाली होती आणि हसली होती.

भांडण लागलं ते खडकावरून. या गोगलगायी टाकीत ठेवल्या की त्यांचं विष पातळ पडतं, त्यातले निम्मे रेणू गायबच होतात. खऱ्या कातळावर, खऱ्या लाटांत वाढल्या तरच ते पुरं उतरतं. संस्थेला आसरा खडक पाच वर्षांसाठी बंद हवा होता, कुणी पाय ठेवायचा नाही अशा अटीवर. नव्या कायद्याप्रमाणे किनाऱ्याची सामाईक जागा बंद करायची तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांची संमती लागते, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या रीतीने घेतलेली. केतकीने विषय काढला की दर्शना ताट सारून उठायची. "माजी चाळीस बायलां खावची काय? तुजे शंख?" असं दोन वर्षं चाललं.

आता या बायकांची रीत ऐका. देवळात गाऱ्हाणं घालतात ते पुरुष. पण हंगामाच्या तोंडावर आणि अडीनडीला खडकावर बायकांचं स्वतःचं गाऱ्हाणं असतं. पुढारीण दर्याकडे तोंड करून मागणं मागते आणि प्रत्येक मागण्याला मागच्या सगळ्या एका दमात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. कागद नाही, सही नाही. तिथे बोललेलं फिरवायचं नाही आणि तिथे खोटं बोलायचं नाही, नाहीतर दर्या घेऊन जातो अशी पक्की समजूत. आणि खरं सांगायचं तर "व्हय म्हाराजा" म्हणताना पुढची बाई काय मागतेय हे कोण ऐकतं? जन्मात कधी पुढारणीने वाकडं मागितलेलं नाही. हे बाहेरच्या माणसाला माहीत असणं शक्य नव्हतं. कमरेवर बसून शेकडो वेळा बोबडं "व्हय म्हालाजा" म्हटलेल्या केतकीला मात्र ते पुरेपूर माहीत होतं.

सोळा मार्चला केतकी कॅमेरेवाले आणि कचेरीतली माणसं घेऊन आली. म्हणाली, "बाय, नकार द्यायचा तर तो रीतीनं दे. गाऱ्हाण्यात सांग, म्हणजे विषय संपला." दर्शनाला ते पटलं. पाण्यात उतरण्याआधी केतकीने मोबाइल हातात धरून विचारलं, "दुखता?" दर्शना म्हणाली, "नाय गो." नऊ वाजून गेले होते.

त्यानंतरचं दर्शनाला आठवत होतं ते असं, की दर्या फार मायाळू दिसत होता. केतकी वाटेत हळूहळू बोलत होती, तळमळणाऱ्या रोग्यांबद्दल, फक्त पाच वर्षांबद्दल. दर्शनाला त्यात भांडण्यासारखं काही दिसलंच नाही. तिने हात जोडले. "बा दर्यादेवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तुज्या पायाकडे आज तुजी लेकरां उभी आसत." "व्हय म्हाराजा!" "ह्यो खडक पाच वर्सां शंखांच्या कामाक लागू दे, दुखणेकऱ्यांचा दुखणा जांव दे." आणि चाळीस गळ्यांतून सवयीने निघालं, "व्हय म्हाराजा!"

शब्द तोंडातून निघून गेल्यावर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

एप्रिलमध्ये खडकाभोवती हद्दीच्या खुणेचे, पाण्यावर तरंगणारे लाल बोये लागले. सत्तरीच्या लोचनकाकीने भर बाजारात दर्शनाला गाठलं. "तू विकलंस गो आमका!" दर्शना काय करणार? आपण असं का बोललो हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. पण तोंड आपलं होतं, शब्द आपले होते. मग ती आपल्या त्या बोलण्याला कारणं शोधत बसली. दुखणेकरी माणसांचा विचार नको का करायला? पाच वर्षं म्हणजे काय मोठी? सात महिने ती घरोघर हेच सांगत फिरली, भांडली, लोचनकाकीशी अबोला धरला. हंगाम आला, बायका लोकांची मासळी सुकवायला मजुरीने जाऊ लागल्या, तरी ती सांगत राहिली की मी विचार करूनच बोलले.

आणि आता कुडाळच्या त्या बाकड्यावर बसून तिला कळलं की विचार केला होता तो दुसरीने.

केतकी परत आली त्याच दिवशी दर्शना संस्थेत जाऊन उभी राहिली.

"सोळा मार्चाक काय केलंस माका?"

केतकीचा चेहरा एका क्षणात उतरला. तिने दार लावून घेतलं. "बाय, तू आधी बस."

"मी बसूक येवक नाय."

केतकी मोठं काही बोलायची झाली की पुस्तकी मराठीत शिरायची. तशी ती शिरली. "मी तुझं मत बदललेलं नाही. ते औषध मत बदलूच शकत नाही. ते फक्त भीती आणि राग थोडा वेळ बाजूला ठेवतं. तू दोन वर्षं ऐकूनच घेत नव्हतीस. त्या दिवशी पहिल्यांदा शांतपणे ऐकलंस आणि निर्णय तू घेतलास. तुझा तू."

"त्या टाकीतल्या माश्यांका पण असाच वाटला असतला. आपण आपल्या घराकडे चललंव म्हणान."

"तू तळमळत होतीस तेव्हा मी तुला बघितलंय!" केतकी ओरडली. "तुझ्यासारखी लाखो माणसं आहेत, बाय. त्यांच्यासाठी एक खडक मागितला मी. एक खडक!"

"माज्याकडे मागलं असतंस तर मी नाय म्हटलं असतंय. म्हणान माका इचारलंसच नाय." दर्शनाचा आवाज फुटला. "मी तुका कमरेर घेऊन जी रीत शिकयलंय, तीच तू माज्या गळ्यात बांधलंस. दुसऱ्या कोणाक जमला नसता ता. परक्यान केला असता तर मी त्याच्या तोंडार थुकून मोकळी झालंय असतंय. तुजा काय करू?"

केतकी रडायला लागली. दर्शनाचा हात सवयीने उठला, पण तिने तो पदरात गुंडाळून धरला.

"पंप काढतंय मी," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? दोन दिवसांत सगळं परत सुरू होईल. आणि एकदा काढलास तर पुन्हा बसवता येणार नाही; औषध फक्त आमच्याकडे आहे." केतकी बहीण म्हणून बोलली की संस्थेची म्हणून, हे बहुधा तिचं तिलाही कळलं नसावं.

सामंत डॉक्टरांनीही तिला दोनदा विचारलं. पंप शरीरात असेपर्यंत त्याची नोंद लांबून पुसता येते, तेव्हा पुरावा हवा तर काढून सील करायलाच हवा, हे त्यांनी मान्य केलं. "पण दुखण्याचं काय, दर्शनाताई?"

"हा आत आसा तवसर माज्या तोंडातला काय माजा आणि काय तिचा, ह्या कोण सांगतला?" दर्शना म्हणाली. "माकाच कळाचा नाय."

पंप निघाला. तिसऱ्या दिवशी न्हाणीत तांब्या उचलताना नागीण परत आली, अगदी ओळखीच्या जागी, निखारा ठेवल्यासारखी. दर्शना भिंतीला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

दर्शनाने केलेल्या तक्रारीची सुनावणी नोव्हेंबरातल्या मोठ्या ओहोटीला, खडकावरच ठेवली. किनारा समितीच्या अधिकारी बाई साडी खोचून, हातात फाइल घेऊन आल्या. चाळीस बायका एका बाजूला उभ्या होत्या, दर्शनापासून लांब. केतकी संस्थेच्या वतीने आली होती. काही झालं तरी खडकावर चप्पल घालून यायचं नाही, एवढं ती विसरली नव्हती. तीही अनवाणी होती.

अधिकारी बाईंनी पंप ठेवलेली सीलबंद बाटली बघितली, नोंद वाचली. "डॉक्टर, हा हुकूम तुमचाच?"

"हो," केतकी म्हणाली. मग कुणाकडेही न बघता, पुस्तकी मराठीत म्हणाली, "बहिणीनंच मागितलं होतं औषध. इतक्या लोकांपुढे बोलायचं म्हणून ती घाबरली होती. कुडाळच्या डॉक्टरांच्या कागदावर तसं आहे. रुग्णाला कल्पना होती, असं तिनं स्वतः सांगितलंय."

कागदावर खरोखरच तसं होतं. दर्शनाने बहिणीची लाज झाकायला काढलेलं वाक्य आता तिच्याच गळ्याशी आलं होतं. तिने केतकीकडे बघितलं. एकदा फसवलं ते औषधाच्या आड, पण हे तर डोळ्यांदेखत, जागेपणी. बरगडीवर आग पडली होती आणि तरीही दुखलं ते दुसरीकडेच.

"कसं आहे, दर्शनाबाई," अधिकारी बाई म्हणाल्या, "तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. मी कुणाचा धरू?"

डावा हात बरगडीवर दाबून दर्शना दर्याकडे वळली. "बाईनू, कायद्यात आमची रीत धरतंत ना? मग माका गाऱ्हाणा घालूचा आसा."

बायकांत चुळबुळ झाली. लोचनकाकी पुढे आली. "आज आंगात काय आसा तुज्या?"

"नागीण, काकी. दुसरा कायच नाय."

काकीने तिच्या घामेजल्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि मान हलवली. "घाल."

"बा दर्यादेवा म्हाराजा!" दर्शनाने हाक घातली. मागून कुणीच काही बोललं नाही. या खेपेला सगळ्या ऐकत होत्या. "सोळा मार्चाक ह्याच खडकार मी तुज्याकडे वाकडा मागलंय. माज्या मागसून ह्या बायलांनी 'व्हय' म्हटला, त्यांचो दोष नाय. माज्या बहिणीन माका न इचारता, न सांगता माज्या आंगात औषध सोडलान. ह्या खरा आसा की खोटा, ता हयसर एकट्याच माणसाक ठावक आसा. खोटा आसात तर माका घेऊन जा म्हाराजा. खरा आसात तर ज्येका ठावक आसा त्येना जाब देवचो."

पाणी खडकाच्या फटीत शिरत होतं, निघत होतं. अधिकारी बाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण लोचनकाकीने त्यांना हाताने थांबवलं. केतकी खाली मान घालून उभी होती. एक लाट आली, गेली. दुसरी आली.

"व्हय म्हाराजा," केतकी म्हणाली.

इतकं हळू, की पुढच्या चौघींनाच ऐकू गेलं. मग ती मोठ्याने म्हणाली, चार वर्षांच्या पोरीसारखी रडत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. संमती रद्द, बोये काढावेत, संस्थेवर पुढील चौकशी. सह्या झाल्या. बायका कोयते काढून कालवांकडे वळल्या, कारण ओहोटी कुणासाठी थांबत नाही. लोचनकाकी जाता जाता दर्शनाच्या खांद्याला हात लावून गेली. अबोला सुटला. दुखणं मात्र आता जन्माचं होतं. हे दर्शनाला माहीत होतं आणि केतकीलाही.

पाणी वर चढायला लागलं तेव्हा केतकी किनाऱ्याकडे निघाली. किती वर्षांत या कातळावर चालली नव्हती ती. तिसऱ्याच पावलाला तिचा पाय कालवाच्या धारेवर पडला. ती कळवळून खाली बसली आणि पाण्यात लाल रंग पसरला. तिने तळवा दोन्ही हातांत धरला आणि मान वर करून दर्शनाकडे बघितलं.

दर्शना दोन पावलांवर होती. तिचे गुडघे आपोआप वाकले, ओठ फुंकर घालायला गोल झाले आणि तो एक शब्द जिभेच्या टोकावर आला.

तिने तो गिळला. बरगडी दाबत ती सरळ झाली, कोयता उचलला आणि बायका होत्या त्या बाजूला चालू लागली.